म्हशींचा अर्ज एका पानात

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात गावातल्या एका ताईंना दोन म्हशींसाठी बँकेचा कर्जप्रस्ताव मी लिहून दिला. चांगली नऊ पाने! दुग्धव्यवसायाचे महत्त्व, गुजरातचा आदर्श, दूध कसे पूर्णान्न, सारे काही त्यात होते. नव्हते ते एवढेच, की म्हशींना चारा कुठला. अर्ज परत आला. दुसरा लिहून होईतो ठरवलेल्या म्हशी भलत्यानेच नेल्या आणि ताईंचा विसार बुडाला. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

दुधाचे महत्त्व बँकेच्या साहेबांना ठाऊक असते. त्यांना हवे असते ते तुमच्या घरचे. पैसे किती, कशाला, त्यात तुमचे किती, आणि फेड कशातून? एवढे पहिल्या दहा ओळींत यावे. समजा, असे लिहा:

"दोन म्हशी, प्रत्येकी ९०,००० रुपये. विमा व वाहतूक १५,०००. कडबाकुट्टी २५,०००. एकूण २,२०,०००. माझे ४०,००० तयार आहेत. कर्ज १,८०,००० हवे. विहिरीखाली वीस गुंठे हत्तीगवत आहे, ज्वारीचा कडबा घरचा आहे. गोठा बांधलेला आहे. दूध गावच्या डेअरीला घालतो."

झाले. "गरीब शेतकऱ्यावर कृपा व्हावी" हे लिहू नका. कर्ज व्याजाने घेता, फुकट नव्हे.

आता हिशेब. बहुतेक अर्ज इथेच पडतात. म्हैस आठ लिटर देते, म्हणून आपण आठ गुणिले ३६५ करतो, म्हणजे २,९२० लिटर. पण म्हैस वर्षभर दूध देते का हो? वेताचे साधारण ३०० दिवस धरा, तर दूध २,४०० लिटरच. फरक ५२० लिटरचा. पन्नास रुपये भावाने एका म्हशीमागे २६,००० रुपये, जे कधी येणारच नव्हते! शिवाय विल्यावर दूध चढते, पुढे उतरते. म्हणून आठ लिटर हा सरासरीचा आकडा असावा, विकणाऱ्याने सांगितलेला नव्हे. भाकड काळातही दावणीला पेंड-वैरण लागतेच, तो खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. नफा कमी दिसेल, दिसू द्या. फुगवलेल्या आकड्यावर हप्ता ठरला तर तो भरायचा तुम्हालाच आहे.

दोन्ही म्हशी एकदम घेऊ नका. दुसरी पाच-सहा महिन्यांनी घेणार, असे अर्जातच लिहा. एक आटली की दुसरी दुधात असते आणि हप्ता तुंबत नाही. हे वाक्य वाचून साहेब मान वर करून तुमच्याकडे पाहतील, हा माझा अनुभव आहे.

सातबारा, आठ-अ, कडबाकुट्टीचे दरपत्रक आणि डेअरीचा दाखला मागे जोडा. त्यातला मजकूर अर्जात पुन्हा उतरवू नका. लिहून झाले की घरच्या बाईमाणसाला वाचून दाखवा. धार तीच काढते, चुकलेला आकडा तिला आधी कळतो.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत विसार देऊ नका.