सांडपाण्याचा गाळ आणि शेतजमीन : लोकभावना व नियम यांतील अडथळे

शहराचे सांडपाणी शुद्ध केल्यावर मागे गाळ उरतो. त्यात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्य असते. मैल्यापासून तयार केलेल्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात, यावरून त्याची किंमत आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक होती हे दिसते. तरीही आज हा गाळ शेतापर्यंत सहज पोहोचत नाही. त्याची कारणे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्या परिसराला नवा नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ही पद्धत वस्तीतील कचरा व मैला यांनाही लावण्यात आली. वडोदऱ्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर आधारित संयंत्र १९९२ मध्ये सुरू झाले. त्यात कोबाल्ट-६० च्या किरणांनी गाळातील रोगजंतू नष्ट केले जात. याच तंत्राचे मोठे संयंत्र २०१९ मध्ये अहमदाबादेत उभे राहिले. म्हणजे तंत्राची उणीव हा मुख्य अडथळा नाही.

पहिला अडथळा लोकांच्या मनातील किळस हा आहे. आपल्या समाजात त्याला 'नापाकी'चे रूप येते. परंतु फिकहने या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. 'हिदाया' या हनफी ग्रंथात निव्वळ मैल्याची विक्री मकरूह, पण माती मिसळलेल्या मैल्याची विक्री जायज मानली आहे. 'इस्तिहाला'चे तत्त्व असे की, वस्तूचे स्वरूपच पालटले तर तिचा हुकूमही पालटतो. शराबेचा सिरका होतो, शेणाची राख होते, ही त्याची नेहमीची उदाहरणे. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९७८ मध्ये पूर्णपणे शुद्ध केलेले सांडपाणी पाक ठरू शकते असा निर्णय दिला. तो पाण्याविषयी आहे, पण विचाराची दिशा तीच आहे.

या किळसेला जातीचीही बाजू आहे. मैला उचलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादले गेले. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून गाळाची कोणतीही योजना यंत्राने हाताळणीची सोय असेल तरच न्याय्य ठरेल.

दुसरा अडथळा नियमांचा असून तो अधिक कठीण आहे. कुजवण्याने अथवा किरणांनी जंतू मरतात, पण शिसे, कॅडमियम, जस्त यांचा इस्तिहाला होत नाही. कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले की हे धातू गाळात उतरतात आणि जमिनीत साचत राहतात. आपल्याकडे खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, तांबे ३०० व जस्त १००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशात गाळासाठी कॅडमियमची मर्यादा २० ते ४०, तर जस्ताची २५०० ते ४००० आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत कॅडमियमची कमाल मर्यादा ८५ आहे. तिकडे चालणारा गाळ आपल्याकडे कंपोस्ट म्हणून विकता येईलच असे नाही.

मात्र आपली मर्यादा सैल करणे हा उपाय नव्हे. अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ मध्ये जमिनीवर गाळ टाकण्यास बंदी घातली. न विघटणारी 'पीएफएएस' रसायने शेतांत आढळली होती आणि जुन्या नियमांत त्यांचा विचारच नव्हता. स्वित्झर्लंडनेही शेतीतील गाळाचा वापर थांबवला आहे.

तात्पर्य, शेतकऱ्याचा संशय अज्ञानातून येतो असे समजणे चुकीचे ठरेल. कारखान्यांचे पाणी वेगळे ठेवणे, प्रत्येक खेपेची तपासणी करणे आणि तिचा निकाल शेतकऱ्याला त्याच्या भाषेत देणे, हा विश्वासाचा मार्ग आहे. वर्गात हा विषय शिकवताना पाकी आणि निर्धोकपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे जरी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ साधेल. पहिल्याचे उत्तर फिकहमध्ये मिळते, दुसऱ्याचे प्रयोगशाळेत शोधावे लागते.