वड्याचं तेल वांग्यावर!

संध्याकाळचे पावणेआठ. कर्वेनगरचा सिग्नल. दिवसभर बॉसची बोलणी खाऊन झालीयेत, पोटात कावळे ओरडताहेत. दिवा हिरवा होतो, पण समोरची खटारा स्कूटर जागची हलत नाही. अंगठा आपोआप हॉर्नवर! घरी पोचल्यावर आई विचारते, "आज उशीर झाला का रे?" आणि तुम्ही तिच्यावरच खेकसता. बिचारीचं काय चुकलं?

१९३९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि सहकाऱ्यांनी यावर एक सिद्धान्त मांडला. हवं ते मिळवताना कुणी आडवं आलं की वैताग येतो आणि आक्रमकतेच्या मुळाशी हाच वैताग असतो. आडवा येणारा भारी पडणारा असेल, तर राग एखादं सोपं गिऱ्हाईक शोधतो. म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर!

पण वैतागलेला प्रत्येकजण काही भांडत नाही. त्याच गटातल्या नील मिलर यांनी १९४१ मध्ये हे कबूल केलं. वैतागून कुणी हात टेकतो, कुणी दुसरी वाट शोधतो. पुढे १९८९ मध्ये लेनर्ड बर्कोविट्झ म्हणाले, खरा भडका उडतो तो आतल्या त्रासाने. उकाडा, वेदना, अपेक्षाभंग, काहीही त्याला पुरतं.

सगळ्यात धमाल प्रयोग १९६८ चा. कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस यांनी हिरव्या सिग्नलला मुद्दाम गाडी थांबवून ठेवली. जुनाट गाडी असली की मागच्या ८४ टक्के लोकांनी १२ सेकंदांत हॉर्न वाजवला. ऐटबाज गाडीमागे? फक्त ५० टक्के! अडवणूक तीच, पण राग निघाला तो माणूस, सॉरी, गाडी बघून!

मग उशी बडवून राग काढायचा का? अजिबात नको. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे आणखी तापले. नुसते शांत बसलेले सगळ्यात कमी तापले.

तेव्हा आज पार्किंगमध्ये गाडी लावा, हेल्मेट काढा आणि दोन मिनिटं नुसते बसा. मगच बेल वाजवा. बॉससमोर जो राग गिळता येतो, तो आईसमोरही आवरता येतोच की!