विश्वास कोणावर?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी देवघराशेजारी बरीच वर्षं आसारामबापूंची तसबीर होती. सासूबाईंनी ती नागपूरहून आणलेली. फाळणीनंतर सिंधमधून अहमदाबादला आलेला एक मुलगा पुढे साबरमतीकाठी मोटेऱ्याला आश्रम काढतो आणि लाखो भक्त जोडतो, याचं आम्हाला केवढं कौतुक! मार्च २०१३मध्ये महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना नागपुरात त्यांच्या होळीला टँकरचं पाणी उधळलं गेलं, तेव्हा मी चरकले. तसबीर मात्र उतरवली नाही.

त्याच ऑगस्टमध्ये १६ वर्षांच्या मुलीने त्यांच्यावर बलात्काराची तक्रार केली. त्यांच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात ती शिकत होती. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कोणीतरी शिकवलं असेल तिला."

मग वाचलं, की तिचे आईवडील स्वतःच बापूंचे भक्त होते. श्रद्धा माझ्याहून कितीतरी मोठी. तरी त्यांनी लेकीवर विश्वास ठेवला. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. ते कुटुंब मागे हटलं नाही. २५ एप्रिल २०१८ला जोधपूरच्या तुरुंगातच न्यायालय भरलं आणि आसारामांना मरेपर्यंत जन्मठेप झाली. जानेवारी २०२३मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने दुसऱ्या एका शिष्येच्या खटल्यातही जन्मठेप सुनावली.

तसबीर आता नाही. माझं ते वाक्य मात्र मला अजून टोचतं. माझी लेक यंदा सोळाची झाली. ती काही सांगायला आली, तर तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, एवढं मी ठरवलंय.