फायटर माशाला किती वाढावें?

गोंदिया हा तलावांचा जिल्हा, आणि फुलचूर गोंदिया शहराला लागूनच; तेव्हां आमच्या मुलांना मासे नवे नाहींत. तरीही गेल्या पावसाळ्यांत कांचेच्या बरणींतून एक निळा फायटर मासा घरीं आला, तेव्हां सारें घर त्याच्याभोंवतीं जमलें. नवव्या दिवशीं तो पोट फुगून मेला. धाकटी पुतणी रडत म्हणाली, “काका, मी तर त्याला रोज वेळेवर खाऊं घालीत होतें!”

चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तिच्याप्रमाणेंच तिचे दोघे भाऊ, पूजा आटोपल्यावर मातोश्री आणि निजण्यापूर्वीं खुद्द आम्हीही त्याला वाढीत होतों. एकाचें दुसऱ्याला ठाऊक नव्हतें. मासा उपाशी मेला नव्हता. तो आमच्या मायेनें मेला. भरल्या घरांत हें सहज घडतें, म्हणून त्याच्या आहाराचें गणित येथें देत आहों.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. १९१० सालीं रेगन या शास्त्रज्ञानें त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हें नांव दिलें, आणि २०१९ सालीं थायलंडनें त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरविलें. आपल्याकडील धानाच्या बांध्यांत असतें तशा उथळ, संथ पाण्यांत राहून तो डांसांच्या अळ्या व बारीक किडे खातो. अर्थात् तो मांसाहारी आहे. मातोश्रींचीं भाताचीं शितें त्याला मानवणारीं नव्हतीं.

त्याचें पोट साधारणपणें त्याच्या डोळ्याएवढें समजावें. बाजारांत फायटरसाठीं मिळणारे बारीक दाणे सकाळीं दोन-तीन व सायंकाळीं दोन-तीन, एवढें पूर्ण वाढीच्या माशाला पुरतें. एक दाणा गिळल्यावरच दुसरा टाकावा, आणि उरलेला लगेच काढून घ्यावा. पाण्यांत कुजणाऱ्या अन्नापासून अमोनिया हें विष तयार होतें. भांडें जितकें लहान, तितकें तें लौकर साचतें. आठवड्यांतून एक दिवस माशाला निराहार ठेवावें. मात्र ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या न्यायानें दुसऱ्या दिवशीं भरपाई करूं नये!

कोणी जवळ गेलें कीं तो कांचेशीं येऊन वळवळतो. ती भूकच असते असें नाहीं. माणूस दिसला कीं अन्न येतें, हें त्याला संवयीनें कळलेलें असतें. तसेंच ऋतूकडेंही पाहावें. पौषांत आपल्याकडे रात्रीं पारा कधीं कधीं दहा अंशांखालीं उतरतो. या माशाला तर २५ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. पाणी गार झालें कीं त्याची पचनशक्ति मंदावते. अशा वेळीं लहान हीटर लावावा, व तो नसेल तर दाणे कमी करावे. दोन-तीन दिवस परगांवीं जावयाचें झाल्यास निरोगी मासा न खातां राहूं शकतो. शेजाऱ्यांवर तें काम सोंपवूं नये.

आतां आमच्या घरीं दुसरा मासा आहे, आणि त्याला वाढण्याचा अधिकार एकट्या पुतणीचा. दिवसाचे दाणे ती सकाळींच मोजून डबींत ठेवते. डबी रिकामी दिसली कीं इतरांनीं हात आवरावा, असा नियम आहे. फुलचूरची थंडी त्या माशानें सुखरूप काढली. मातोश्री अजूनही बरणीपाशीं थांबतात. पण आतां आधीं डबी उघडून पाहतात.