हत्ती, खिरापत आणि कॅमेरा

आश्विन लागला की बडोद्यातल्या आम्हा जुन्या मराठी घरांना दोन फेरांची सवय आहे. एक फेर रस्त्यावरचा, गरब्याचा. त्याच्यासाठी मंडप पडतात, कर्णे लागतात, मध्यरात्र उलटेपर्यंत शहर झोपत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनेही त्या फेराला आपल्या यादीत मानाचे स्थान दिले. दुसरा फेर आमच्या गच्चीवरचा, भोंडल्याचा. त्याला ना कर्णा ना ढोल. पाटावर रांगोळीचा हत्ती, त्याला झेंडूची माळ, भोवती आठदहा बायकामुली, आणि दिवेलागणीला खिरापत वाटून झाली की सगळ्याजणी साड्या सावरीत गरब्याला जायला मोकळ्या. या दुसऱ्या फेराचे चित्रण करण्याचा घाट २०२४ च्या आश्विनात माझ्या नातीने घातला, त्याची ही हकिकत.

नात इथल्याच एका महाविद्यालयात जनसंपर्क-माध्यमांचा अभ्यास करते. वर्गात पाच-पाच जणांच्या टोळ्या पाडून काम दिले होते : एक गाणे निवडा, त्याचे चित्रण करा, जोडणी करा आणि तीन आठवड्यांत आणून द्या, लांबी चार मिनिटांहून अधिक नको. मुले याला ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात. आमच्या पिढीने छायागीतात आणि चित्रहारात पाहिलेली गाणी चित्रपटांतून कापून आणलेली असत. हा प्रकार गाण्यासाठीच जन्माला आलेला. वर्गातल्या इतर टोळ्यांनी हिंदी नाहीतर इंग्रजी गाणी घेतली. आमच्या नातीच्या टोळीत तीन गुजराती, एक सिंधी आणि ही एकटी मराठी. तरी तिने बाकीच्यांना भोंडल्यासाठी कसे वळवले ते तिचे तिलाच ठाऊक.

गाणे ठरले ते कारल्याच्या वेलाचे. आपल्या घरांत ते कोणाला सांगायला नको. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले तर कोंब येऊ दे, कोंब आला तर वेल वाढू दे, मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी. आमच्या घरातल्या सुना हे गाणे चार-पाच पायऱ्यांत आटोपतात. खिरापत वाट पाहत असते. पण माझ्या आत्याबाई, वय वर्षे शहाऐंशी, पुढच्याही पायऱ्या गातात : भाजी झाली तर जेव, जेवलीस तर उष्टी काढ, भांडी घास, आणि सारे झाल्यावर मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. सासरे दिरांकडे बोट दाखवतात. अशा मोजून बारा पायऱ्या. त्या सगळ्या येणारे माणूस घरात आता त्या एकच.

नातीने चित्रणाचा आराखडा कागदावर मांडला होता. मला तो फार आवडला. डाव्या रकान्यात गाण्याची पायरी, मधल्यात चित्र काय, उजव्यात सेकंद. ‘हत्ती, जवळून, सहा सेकंद.’ ‘पावले, आठ सेकंद.’ ‘आत्याबाईंचा चेहरा, दहा सेकंद.’ खाली बेरीज तीन मिनिटे पन्नास. ही बेरीज जमवण्यासाठी तिने सात पायऱ्या गाळल्या होत्या. आत्याबाईंनी चष्मा लावून कागद वाचला, एकदा बोटांवर मोजले आणि विचारले, “अगो, मग ही सून माहेरी लवकरच पोचली की!”

नात हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. १९५७ साली त्या ग्वाल्हेरला दिल्या. दिवाळसण झाला तो झाला. त्यापुढचे माहेरपण कधी लग्नकार्य, कधी आजारपण, कधी नुसतेच ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे करत तीन वर्षे लांबले. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा दोन गाड्या बदलून त्या इथे आल्या, तर भोंडला संपून दसरा उलटला होता. हे आम्हाला ऐकून माहीत होते, पण त्या दिवशी त्यांनी ते पोळी लाटता लाटता नातीला सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, “गाणं लांब आहे ते उगीच नाही. कापायचं तर दुसरं घे.”

पोरीने कागद घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी नवीन आणला. बारा पायऱ्या, सहा मिनिटे चाळीस सेकंद. शिक्षकांना विचारले का, असे मी म्हटले. “नंतर विचारीन, आजोबा,” म्हणाली.

तीन-चार मिनिटांची ही मर्यादा तरी आली कुठून? माझ्या मते ती ग्रामोफोनने घातलेली आहे. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. तासभर राग आळवणाऱ्या गवयांनासुद्धा त्या वेळात आवरते घ्यावे लागले. तबकड्या गेल्या, ती सवय मात्र कानाला राहिली. असो.

आता चित्रणाची रीत. सिनेमात गाणे आधी ध्वनिमुद्रित करतात, मग चित्रणाच्या जागी ते वाजवतात आणि नट त्यावर ओठ हलवतात. आपल्याकडे ही पार्श्वगायनाची रीत १९३५ साली न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून रुळली. मुलांनी तीच धरली. आमच्या माजघराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, आणि घामाने भिजलेल्या आत्याबाईंना खुर्चीवर बसवून बाराही पायऱ्या म्हणवून घेतल्या. दांडिया बाजारातल्या रिक्षांनी तीन वेळा खोडा घातला. चौथ्यांदा मुद्रण निर्वेध झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळे फत्ते झाले असे आम्हालाही वाटले.

रविवारी, ६ ऑक्टोबरला, दुपारी चार वाजता गच्चीवर सगळे जमले. शेजारच्या वाड्यांतल्या सात बायका, घरच्या दोन सुना, आत्याबाई. नातीच्या गुजराती मैत्रिणीने हत्तीकडे पाहून विचारले, की आमच्या गरब्यात मध्ये दिवा असतो, तुमच्यात हत्ती का? आमच्या सुना एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याबाईंनी सांगितले : या दिवसांत सूर्य हस्त नक्षत्रात असतो, हस्ताचा पाऊस हत्तीसारखा कोसळतो, म्हणून हत्ती. मग जरा थांबून म्हणाल्या, “यंदा मात्र त्यानं सोंड आवरलेलीच बरी.” ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले होते; त्याचा ओला डाग अजून कितीतरी भिंतींवर होता.

गाणे सुरू केले. म्हणजे डबीएवढ्या स्पीकरमधून सुरू केले, आणि पहिल्या दोन पायऱ्यांतच सगळा घोटाळा लक्षात आला. खुर्चीत बसून गायलेले गाणे संथ होते. फेर धरला की पाय त्याला पळवतात. बायका पुढे जात, गाणे मागे राही. मुलांनी संगणकावर त्याची गती वाढवून पाहिली, तर आत्याबाईंचा आवाज कोणातरी पोरसवदा मुलीचा वाटू लागला. आवाज न बदलता गती वाढवण्याची सोय असते म्हणे, तीही केली, पण मग शेवटच्या पायऱ्यांना फेर दमून हळू झाला आणि गाणे पुढे निघून गेले. त्यातून आत्याबाईंचे ओठ मिटलेले.

“आत्याबाई, नुसते ओठ हलवायचे. आवाज तुमचाच आहे.”

“माझाच आहे तर मीच गाते. हत्तीपुढे खोटं खोटं गायचं?”

पाच वाजत आले. खालच्या चौकात गरब्याच्या मंडपात कर्ण्यांची तपासणी सुरू झाली होती. ‘हेलो, हेलो, वन टू’ वर येत होते. सिंधी मुलगा खाली जाऊन अर्ध्या-पाऊण तासाची सवलत मागून आला. तोवर नातीने कागद उलटा करून त्यावर काहीतरी खरडले होते. स्पीकर बंद केला. एक मोबाईल आवाज टिपण्यापुरता पाटाखाली, हत्तीच्या पोटाशी सरकवला. दुसरा जिन्याच्या टपावरून खाली रोखला, म्हणजे वरून फेर दिसेल. तिसरा तिवईवर, आत्याबाईंची जागा समोर येईल तिथे. चौथा तिच्या हातात, फेराच्या आत. सगळे चालू झाल्यावर मध्ये उभे राहून तिने एकदाच जोरात टाळी वाजवली. चारही ठिकाणी ती टाळी उमटते. मागाहून चित्र आणि आवाज जुळवायला तेवढी खूण पुरते. स्टुडिओत काळी पाटी आपटतात ती याचसाठी.

पार्श्वगायन येण्यापूर्वी बोलपटात नट कॅमेऱ्यासमोर खरेच गात आणि वादकांना पडद्याआड, झाडाआड दडवत. या पोरांनी नकळत १९३५ च्या मागे पाऊल टाकले होते. दादासाहेब फाळके याच शहरात, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात, छायाचित्रणाचे धडे घेऊन गेले. त्यांच्या वेळी पडद्याला वाचाच नव्हती, त्यामुळे ही कटकटही नव्हती.

फेर तीनदा झाला. पहिला पाच वाजता, तिरप्या उन्हात. दुसरा पावणेसहाला, तेव्हा आत्याबाईंना गुडघ्यांमुळे खुर्ची दिली आणि बाकीच्या त्यांच्याभोवती फिरल्या. तिसऱ्याला मी आडवा आलो. पुरे झाले, त्यांना झेपणार नाही, असे नातीला जरा रागावूनच बोललो. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि खुर्चीवरून उठून फेरात उभ्या राहिल्या. सव्वासहाला सूर्य बुडता बुडता तिसरा फेर सुरू झाला. या खेपेला मुलांपैकी दोघी फेरात शिरल्या. त्यांना एक शब्द येत नव्हता, पण पाऊल चुकले नाही. गरब्यातल्या पोरी त्या. आठव्या पायरीनंतर आमच्या सुनांचे शब्द संपले. नवव्यापासून आत्याबाई एकट्या, आणि बाकीच्या नुसते पाय टाकत त्यांच्या तोंडाकडे बघत. एरवी चटचट उरकणाऱ्या बायका एवढ्या गप्प मी पाहिल्या नव्हत्या. शेवटची पायरी संपली तेव्हा फेर थांबला ते कोणाच्या ध्यानातच आले नाही.

जोडणीला नातीला आठ दिवस लागले. तिन्ही फेरांची गती वेगळी, म्हणून एकाचे ओठ दुसऱ्याच्या आवाजाला बसेनात. शेवटी तिने तिसऱ्या फेराचा आवाज सबंध ठेवला, एकही कात्री न लावता. सुरुवातीच्या पायऱ्यांना चित्र पहिल्या फेराचे, पण वरून घेतलेले किंवा पावलांचे, जिथे ओठ दिसत नाहीत. मधल्या पायऱ्यांना दुसऱ्याचे. आणि आठव्यापासून तिसऱ्या फेरातल्या आत्याबाईंचा चेहरा, सलग. त्यामुळे बी पेरले जाते तेव्हा गच्चीवर ऊन असते, कारले लागते तेव्हा सावल्या लांबलेल्या असतात, आणि सासरे दिरांकडे बोट दाखवतात तेव्हा जवळजवळ अंधार झालेला असतो. सुनेचा सगळा दिवस त्यात गेलेला दिसतो. अंधाऱ्या चित्रात मोबाईलने दाणेदार खरखर आणली आहे. ती काढता येईल, असे टोळीतला एकजण म्हणाला. नातीने राहू दिली. मला तीच जागा सर्वांत आवडते, पण मी घरचा माणूस, माझे मत वजा करून घ्यावे. तक्रार करायचीच तर फेराच्या आतून धावता कॅमेरा तिने जरा जास्त वापरला आहे, डोळे गरगरतात.

शेवटी खिरापत. आपल्याकडे डबा हलवून आवाजावरून ओळखायला लावतात. चित्रातही गाणे संपल्यावर काळोखात नुसता पितळी डबा दिसतो. आत्याबाई तो कानाशी हलवतात, आवाज जवळजवळ येतच नाही, आणि तिथेच चित्र बंद होते.

वर्गात दाखवले तेव्हा लांबीबद्दल दहांतले दोन गुण कापले गेले. नियम होता, तो मोडला होता. नातीनेही कुरकुर केली नाही. मात्र दिवे लागल्यावर शिक्षकांनीच आधी विचारले, डब्यात काय होते? नात म्हणाली, ओळखा. वर्ग ओरडू लागला : खाखरा, चकरी, बाकरवडी, सुखडी. ही सगळी डब्यात वाजणारी. मागच्या बाकावरची एक मुलगी, बडोद्याचीच, बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, “वाजत नाही, म्हणजे लीलो चेवडो.”

संध्याकाळी नातीने हे आत्याबाईंना सांगितले. त्यांनी पहिल्यांदा विचारले ती मुलगी कोणाची, आणि मग, पुढच्या वर्षी तिला फेराला बोलव म्हणाल्या.