डिकीचं रबर
रंग चकचकीत, मालक गोडबोल्या, आम्ही भुललो. पहिल्याच पावसात डिकीत पाणी साचलं. मेकॅनिकने डिकीचं रबर ओढलं. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके गायब, त्यावर पुट्टीचा थर, बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे. गाडीला मागून जबर ठोकर बसली होती.

जुनी विमा पॉलिसीही आम्ही मागितली नव्हती. मुलांना ‘नीट वाचा’ म्हणणारे आम्ही! ५ वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला, तर क्लेम कशाचा, हे विचारायलाच हवं.

आता तीच गाडी विकायची होती. अम्मी म्हणाल्या, “ऐब सांगूनच विका.” पहिलं गिऱ्हाईक रबर बघूनच परतलं. दुसऱ्याने ३० हजार कमी केले. आम्ही किल्ली दिली.