कपबशीचा आवाज

आमच्या आळीत एक काका होते. सकाळी त्यांना चहा दिला की कप बशीवर खडखड वाजायचा. म्हणून काकूंनी कपबशी बंदच केली. स्टीलचा पेला, तोही अर्धाच भरलेला, आणि काका तो दोन्ही हातांनी धरून तोंडाशी नेत. संध्याकाळी ‘जाऊन’ आले की त्याच हातांनी सुईत दोरा ओवून देत. मला लहानपणी हे कोडं वाटायचं. दारू प्यायलेला माणूस झोकांड्या खातो म्हणतात. मग आमचे काका प्याल्यावर स्थिर आणि न पिता थरथरते, हे कसं?

उत्तर फार पुढे कळलं, आणि कळल्यावर थक्क झालो. मेंदूत एक यंत्रणा शांत करणारी असते आणि एक चेतवणारी. दारू पहिलीचा जोर वाढवते, दुसरीला दाबते. एखाद्या दिवशी प्याल तर तेवढ्यावर भागतं. पण रोज प्यायला लागलात तर मेंदू हिशोबी कारभाऱ्यासारखा वागतो: बाहेरून रोज गुंगी येतेय ना, मग आपण चेतवणारी बाजू तेवढी वाढवून ठेवू. तोल साधतो. अशात दारू एकदम थांबली तर गुंगी गेलेली आणि चेतना मात्र चढवलेली तशीच. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात. म्हणून वर्षानुवर्षं पिणाऱ्याला ‘आजपासून सोड’ म्हणून खोलीत कोंडणं जिवावर बेतू शकतं. तिथं डॉक्टर लागतो. काकांच्या कपबशीचा खडखडाट म्हणजे मेंदूने मांडलेल्या त्या हिशोबाची बाकी होती.

यातलं काही ‘एकच प्याला’ हे दारूवरचं नाटक लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. शांत करणाऱ्या यंत्रणेतलं ‘गाबा’ हे रसायन मेंदूत सापडलं १९५० साली. गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. आणि त्यांचं हे नाटक रंगभूमीवर आलं ते त्याच वर्षी २० फेब्रुवारीला, बडोद्यात. महिनासुद्धा झाला नव्हता. नाटकातली पदंही त्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली.

नाटकातल्या सुधाकरची बायको, सिंधू, झाले होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. राजहंसांचं गाव नागठाणे, कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं. सांगलीने तर नाटकाचा नारळच फोडलेला: विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ तिथं १८४३ साली झालं, आणि ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्याचाच.

बालगंधर्वांना लोक भरजरी शालूत पाहायला येत. ‘एकच प्याला’त ते उत्तरार्धात ठिगळांच्या लुगड्यात दळायला बसत. पण मला दुसऱ्याच गोष्टीने हलवलं. १२ मार्च १९११ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. ते उभे राहिले. आठ वर्षांनी हाच बाप आईच्या वेशात, बापाच्याच हातून दगावणाऱ्या बाळाची आई झाला, आणि प्रयोगामागून प्रयोग होत राहिला. २०११ साली आलेल्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातून पुष्कळांना त्यांचं आयुष्य कळलं. तरी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की मला अजून बोलायला सुचत नाही.

आता सुधाकर. हुशार वकील, डोकं तापट. कोर्टातल्या उद्धटपणापायी सहा महिने सनद जाते आणि तो अपमान विसरायला पिण्यात मुरलेला तळीराम पहिला प्याला पुढे करतो. गडकऱ्यांची चलाखी पाहा: नाटकातलं सगळ्यात मोठं हसू त्यांनी तळीरामाला देऊन टाकलंय. त्याचं ते पिणाऱ्यांचं ‘आर्यमदिरामंडळ’, पिण्याच्या बाजूने केलेले युक्तिवाद! प्रेक्षक तळीरामाबरोबर पोट धरून हसतो आणि हसता हसता मंडळाचा सभासद होऊन बसतो. पुढे जे घडतं ते त्याला परक्याचं म्हणून पाहता येत नाही.

पण गडकऱ्यांची खरी नजर दिसते ती सुधाकर परत फिरतो तेव्हा. हो, तो फिरतो. शपथ घेतो, सिंधूचं तोंड फुलतं, तो काम मागायला बाहेर पडतो. आणि न पिणारी, धुतल्या कपड्यांची माणसं त्याला हिणवून वाटेला लावतात. अपमानाने सुरू झालेली दारू अपमानानेच पुन्हा सुरू होते. नाटकाचं नाव प्याल्यावर बेतलेलं असलं तरी माझ्या मते त्याचा कणा हा प्रसंग आहे.

काकांचंही तेच झालं. उपचार घेऊन, हात स्थिर करून ते आले. दुकान भावाबरोबर सामाईक. पहिल्याच सकाळी पाहतात तर गल्ल्याची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नाही. कुणी काही बोललं नाही. काकाही बोलले नाहीत. दोन महिन्यांत पेला परत आला.

अशाच माणसांसाठी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. दाभोलकर म्हटलं की लोकांना अंधश्रद्धा निर्मूलन आठवतं. ते स्वतः डॉक्टर होते आणि हेही काम त्यांचंच. पुण्यात त्याआधी १९८६ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं ‘मुक्तांगण’ सुरू झालं होतं. अशा ठिकाणी थरथर उतरायला काही दिवस पुरतात. बाकीचे आठवडे जातात ते बोलण्यात, आणि त्या बोलण्यात बायको, भाऊ, आई यांनाही बसवतात, कारण किल्ली त्यांच्याकडे असते. पुन्हा घसरलेल्याला पुन्हा घेतात. घसरणं हा या आजाराचाच भाग धरला जातो. सुधाकरला ही सोय नव्हती.

नाटकाच्या शेवटाकडे त्याच्या हातून मूल जातं, सिंधूलाही मार लागतो. फौजदार जबाब घ्यायला येतो आणि मरता मरता सिंधू खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. सुधाकर मग शेवटच्या प्याल्यात विष कालवून घेतो. आजच्या बाईला ते खोटं बोलणं पटणार नाही. मलाही पटत नाही. आज निदान गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गंमत मोजणीत आहे. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. यादीत जेवढी नावं, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरीच राहिली, तिचं न दिलेलं मत उभ्या बाटलीच्या खात्यात जमा.